अमेरिकेत दातांचा खर्च: सवलतीचे सभासदत्व घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

भारतातून नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी अमेरिकेत आलेल्या माणसाला पहिल्या वर्षभरात कधीतरी कळते, की इथल्या आरोग्य विम्याच्या लेखी दात हे शरीराचा भाग नसतात. दातांचा विमा वेगळा, त्याचे कार्ड वेगळे आणि त्याचे नियमही वेगळे. नोकरी देणाऱ्या कंपनीने तो दिला असेल तर ठीक. पण विद्यार्थी, दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात असलेले लोक, स्वतःचा लहान व्यवसाय करणारे आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आई-वडील यांच्यापैकी बहुतेकांकडे तो नसतो. व्यक्तींनी स्वतः घेतलेल्या आणि लहान कंपन्यांनी दिलेल्या आरोग्य विम्यात १९ वर्षांखालील मुलांच्या दातांची काळजी ही आवश्यक सेवा मानलेली आहे, प्रौढांची मात्र नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मूळ मेडिकेअरमध्येही नेहमीची दंतसेवा येत नाही.

याचा परिणाम असा होतो की दुखणे अंगावर काढले जाते. दाढ ठणकू लागली की लवंग धरायची, थंड पाणी दुसऱ्या बाजूने प्यायचे आणि पुढच्या भारतवारीपर्यंत दिवस ढकलायचे, हा मार्ग आपल्यापैकी अनेकांनी पत्करलेला आहे. तो महागात पडतो, कारण दोन-अडीचशे डॉलरमध्ये भरून निघाली असती ती कीड वर्षभरात दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचते आणि मग रूट कॅनाल व कॅप मिळून अडीच-तीन हजार डॉलरचा आकडा समोर येतो. विमा नसलेल्यांसाठी या दोन टोकांच्या मधला एक उपाय म्हणजे वार्षिक वर्गणी भरून मिळणारे सवलतीचे सभासदत्व. तो सर्वांसाठी योग्य नाही. परंतु कोणासाठी योग्य आहे आणि कसा वापरावा हे नीट समजून घेतले, तर एका मोठ्या उपचारात सात-आठशे डॉलर वाचणे अवघड नाही.

हा विमा नव्हे

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. सवलत योजना तुमच्या वतीने दंतवैद्याला एक डॉलरही देत नाही. ती फक्त एवढेच करते, की तिच्या यादीतील दंतवैद्य तुमच्याकडून नेहमीच्या दराऐवजी आधी ठरलेला कमी दर घेतील. आणि तो संपूर्ण दर त्याच दिवशी तुम्हालाच भरायचा असतो. म्हणूनच योजनेच्या कागदपत्रांत ‘हा विमा नाही’ असे ठळकपणे लिहिलेले असते. विमा नसल्यामुळे त्यात विम्याच्या अटीही नाहीत: वर्षाला इतकेच पैसे देऊ अशी मर्यादा नाही, मोठ्या उपचारासाठी सहा महिने किंवा वर्षभर थांबण्याची अट नाही आणि आधीपासून पडलेल्या दाताच्या जागी काही बसवायचे असेल तर नकार नाही.

मग दंतवैद्य कमी दर का मान्य करतो, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. इथल्या प्रत्येक दवाखान्याचा एक छापील दर असतो, आणि विमा कंपन्यांशी केलेल्या करारांमुळे विमा असलेल्या रुग्णांकडून तो सहसा कधीच पूर्ण घेतला जात नाही. छापील दर पूर्ण भरतो तो फक्त विमा नसलेला, म्हणजे बहुधा सर्वांत कमी ऐपतीचा माणूस. सवलत योजना तुम्हाला साधारण विमाधारकांच्या दराजवळ नेऊन बसवते. ‘६० टक्क्यांपर्यंत सवलत’ ही जाहिरात वाचताना हे ध्यानात असलेले बरे: ती टक्केवारी ज्या रकमेवर मोजली जाते, ती रक्कमच मुळात फार थोडे लोक भरतात. म्हणून या संपूर्ण लेखात एकच आग्रह आहे, की टक्के विचारू नयेत, आकडा विचारावा.

योजनांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात एखादी कंपनी देशभरातील हजारो दंतवैद्यांची यादी आणि त्यांच्यासाठीचा दरतक्ता तयार करते. केअरिंग्टन, एटना डेंटल अ‍ॅक्सेस आणि सिग्ना यांच्या योजना या प्रकारातल्या. डेंटलप्लॅन्स डॉट कॉम हे अशा अनेक योजना एकाच ठिकाणी विकणारे संकेतस्थळ आहे. वर्गणी एका माणसासाठी वर्षाला साधारण १०० ते २०० डॉलरच्या आसपास असते आणि थोडी अधिक भरली की पूर्ण कुटुंब त्यात येते. दुसऱ्या प्रकारात एखादा दवाखाना स्वतःचीच योजना चालवतो. तिची वर्गणी बहुधा ३००-४०० डॉलर असते, पण वर्षातून दोनदा क्लिनिंग, तपासणी आणि नेहमीचे एक्स-रे त्यातच धरलेले असतात आणि इतर कामांवर दहा-वीस टक्के सवलत मिळते. अर्थात ही योजना त्या एकाच दवाखान्यापुरती असते. गाव बदलले की ती संपली.

पहिली पायरी: आपल्याला खरोखर गरज आहे का ते ठरवणे

कंपनीकडून दातांचा विमा मिळत असेल तर तो घ्यावा, यात फारसा विचार करण्यासारखे काही नाही. कंपनी हप्त्याचा मोठा भाग भरते, तुमच्या पगारातून महिन्याला थोडीच रक्कम जाते आणि क्लिनिंग बहुतेक वेळा विनामूल्य होते. मात्र नवीन नोकरी लागल्यावर विमा निवडण्याची मुदत सहसा ३० दिवसांच्या आसपास असते, आणि त्या गडबडीत दातांच्या विम्यापुढची खूण करायची राहून गेली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर, असलेल्या पतीला किंवा पत्नीला आणि मुलांनाही त्याच वेळी जोडून घ्यावे.

विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या आरोग्य विम्याचे कागद उघडून पाहावेत. प्रौढांची दंतसेवा त्यात बहुधा नसते, किंवा वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. आई-वडिलांसाठी भारतातून अथवा इथून घेतलेला प्रवासी विमा दातांच्या बाबतीत अपघात आणि अचानक उठलेली तीव्र वेदना एवढ्यापुरताच, तोही लहान रकमेपर्यंत, उपयोगी पडतो. आईची कॅप शेंगदाण्याच्या लाडवाने निखळली, तर तो अपघात नव्हे असेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. अशा वेळी सवलत योजना खरी कामाची ठरते, कारण ती प्रकृतीचे प्रश्न विचारत नाही आणि पैसे भरल्यापासून दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, सुरू होते.

दुसरी पायरी: आधी तोंडात काय आहे ते माहीत करून घेणे

पुष्कळ लोक आधी योजना विकत घेतात आणि मग दवाखाना शोधतात. क्रम उलटा हवा. अनेक दवाखाने नवीन रुग्णांसाठी तपासणी आणि एक्स-रे यांचा एकत्रित कमी दर ठेवतात. तो भरून पहिली भेट घ्यावी आणि निघताना उपचारांचा लेखी आराखडा मागून घ्यावा. या आराखड्यात प्रत्येक कामापुढे एक सांकेतिक क्रमांक असतो: इंग्रजी डी हे अक्षर आणि त्यापुढे चार आकडे. हे क्रमांक अमेरिकन डेंटल असोसिएशनने ठरवलेले असून देशभर तेच चालतात, त्यामुळे दोन दवाखान्यांची तुलना करायची असेल तर ती कामाच्या नावांवरून न करता या क्रमांकांवरून करावी.

काही क्रमांक ओळखीचे असले की पुढचे बोलणे सोपे जाते. डी ०१५० म्हणजे नवीन रुग्णाची सविस्तर तपासणी आणि डी ०२१० म्हणजे संपूर्ण तोंडाचे एक्स-रे. डी १११० हे प्रौढांचे साधे क्लिनिंग. डी ३३३० हे दाढेचे रूट कॅनाल, डी २९५० म्हणजे कॅपखालचा आधार पुन्हा बांधणे, ज्याला इथे बिल्ड-अप म्हणतात, आणि डी २७४० ही सिरॅमिकची कॅप. साधा दात काढणे डी ७१४०, तर चीर देऊन किंवा हाड कोरून काढणे डी ७२१०. शेवटच्या दोन क्रमांकांच्या दरांत बरेच अंतर असते आणि अक्कलदाढेच्या बिलात नेमका कोणता लिहिला आहे हे पाहणे फायद्याचे ठरते.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती डी ४३४१ या क्रमांकाची. हे हिरड्यांखालचे खोल क्लिनिंग; तोंडाचे चार भाग धरून प्रत्येक भागाचा वेगळा दर लावला जातो, त्यामुळे शंभर-सव्वाशेच्या क्लिनिंगसाठी गेलेला माणूस हजार डॉलरचा आराखडा घेऊन बाहेर पडतो. भारतात वर्षानुवर्षे स्केलिंग न केलेल्या आपल्या लोकांना पहिल्याच भेटीत हे सांगितले जाण्याचा प्रसंग वारंवार येतो. कधी ते अगदी खरे असते. कधी घाईचे असते. ओळखण्याचा मार्ग खुर्चीतच उपलब्ध असतो. खुणा असलेली एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद टेकवत हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करणारी प्रशिक्षित सहायक, आकडे पुकारते, ‘थ्री, टू, थ्री’, आणि शेजारी बसलेली मदतनीस ते संगणकात भरत जाते. प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजल्या जातात आणि हे आकडे मिलिमीटरचे असतात. एक ते तीन म्हणजे ठीक. चार आणि त्यापुढचे आकडे पुष्कळ ठिकाणी असतील आणि एक्स-रेमध्ये हाड झिजलेले दिसत असेल, तर खोल क्लिनिंगला आधार आहे. हे मोजमाप केलेच नसेल आणि तरीही चारही भागांचे खोल क्लिनिंग सुचवले असेल, तर आराखडा घेऊन शांतपणे निघावे आणि दुसऱ्या दंतवैद्याला दाखवावे. एक्स-रे आणि मोजमापांची प्रत मागण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. प्रतीसाठी वाजवी शुल्क पडू शकते, पण बहुतेक दवाखाने ती ई-मेलने पाठवतात.

तिसरी पायरी: कागदावर हिशेब मांडणे

समजा आराखड्यात एका दाढेचे रूट कॅनाल, बिल्ड-अप आणि कॅप अशी तीन कामे आहेत. उदाहरणासाठी छापील दर अनुक्रमे १,२००, ३०० आणि १,५०० डॉलर धरू. एकूण ३,००० झाले. सवलत योजनेच्या तक्त्यात हेच दर ८००, २०० आणि ९५० आहेत असे मानले तर बेरीज १,९५० येते. त्यात १५० डॉलर वर्गणी मिळवली की २,१००. म्हणजे ९०० डॉलर वाचले.

आता हाच हिशेब स्वतः विकत घेतलेल्या विम्याने करून पाहू. महिन्याला ४० डॉलर हप्ता, म्हणजे वर्षाला ४८०. विम्याची नेहमीची घडी अशी असते, की क्लिनिंगसारखी कामे १०० टक्के, फिलिंगसारखी ८० टक्के आणि कॅपसारखी ५० टक्के. त्याआधी वर्षाला ५० डॉलर आपण भरायचे, आणि विमा कंपनी वर्षभरात जास्तीत जास्त १,००० ते २,००० डॉलर देणार. विम्याच्या करारातले दर वरच्या तक्त्याएवढेच आहेत आणि कंपनी रूट कॅनालचे ८० टक्के देते असे धरले तर आपले ५० डॉलर वजा जाता तिच्याकडून ६०० येतील, बिल्ड-अपचे १०० आणि कॅपचे ४७५, बेरीज १,१७५. परंतु वार्षिक मर्यादा १,००० असेल तर हजारावर गाडी थांबते. करारातल्या दराने झालेल्या १,९५० पैकी उरलेले ९५० तुम्ही भरणार आणि हप्त्यांसह एकूण १,४३० होतील.

म्हणजे विमा स्वस्त, असेच या आकड्यांवरून दिसते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. अडचण निराळी आहे. स्वतः घेतलेल्या बऱ्याच विम्यांत मोठ्या कामासाठी वर्षभर थांबावे लागते. ते वर्षभराचे ४८० डॉलर आधी गेले की खर्च १,९१० होतो आणि फरक दोनशेवर येतो. आणि रूट कॅनालची वेळ आलेली दाढ वर्षभर थांबत नाही. थांबण्याची अट नसलेला विमा मिळाला आणि त्याचा हप्ता वाजवी असला तर खुशाल तो घ्यावा. सवलत योजनेची खरी जागा आहे ती आज दुखणाऱ्या दाढेसाठी, आणि विम्याची वार्षिक मर्यादा ओलांडून जाणाऱ्या मोठ्या कामांसाठी.

दात निरोगी असलेल्याचा हिशेब वेगळा होतो. वर्षाला दोन क्लिनिंग, दोन तपासण्या आणि एकदा एक्स-रे यांचे छापील दराने ४५० डॉलर होत असतील आणि योजनेच्या तक्त्याने २३५, तर वर्गणी धरून ३८५ पडले. बचत जेमतेम ६५ डॉलरची. त्याच गावातल्या दवाखान्याची स्वतःची योजना ३५० डॉलरमध्ये हे सर्व देत असेल तर ती सरस. उलट वरच्या रूट कॅनालच्या प्रसंगी पंधरा टक्के सवलत देणारी तीच योजना २,५५० अधिक ३५०, म्हणजे २,९०० डॉलरला पडेल. वर्षभराचे क्लिनिंग त्यात येते हे खरे, पण मोठ्या कामात ती मागे पडते. थोडक्यात नेहमीच्या देखभालीला दवाखान्याची योजना आणि मोठ्या कामाला दरतक्ता असलेली योजना, असे माझे मत झाले आहे. वर्षातून एकदाच क्लिनिंगला जाणाऱ्याने मात्र दोन्हींच्या भानगडीत पडू नये. त्याच्यासाठी ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

छापील दर आपल्या भागात किती असतो याचा अंदाज फेअर हेल्थ या ना-नफा संस्थेच्या ग्राहकांसाठीच्या संकेतस्थळावर मिळतो. तिथे घराचा पिन कोड, ज्याला इथे झिप कोड म्हणतात, आणि कामाचा क्रमांक भरला की आसपासचे दर दिसतात.

चौथी पायरी: दवाखान्याला फोन करणे

या पायरीवर सर्वाधिक पैसे वाचतात किंवा जातात. योजनेच्या संकेतस्थळावरील यादीत दंतवैद्याचे नाव आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण याद्या जुन्या होतात, दंतवैद्य दवाखाना बदलतात आणि एका दवाखान्यात चार दंतवैद्य असले तर चौघेही योजनेत असतीलच असे नाही.

फोन करताना ‘तुम्ही अमुक योजना स्वीकारता का’ असे विचारू नये. ‘अ‍ॅक्सेप्ट’ या शब्दाला इथे जवळजवळ काही अर्थ नाही. तुमचे पैसे स्वीकारायला कोणाची हरकत असणार? प्रश्न असा असावा, की अमुक नावाचे दंतवैद्य या योजनेत ‘पार्टिसिपेट’ करतात का, आणि तिचा कोणता दरतक्ता तुमच्याकडे चालतो. एकाच कंपनीच्या तीन-चार योजना असतात आणि प्रत्येकीचा तक्ता निराळा असतो, त्यामुळे योजनेचे पूर्ण नाव सांगावे. त्यानंतर आराखड्यातले क्रमांक एकामागून एक वाचून प्रत्येकाचा आकडा लिहून घ्यावा. फोनवरची व्यक्ती कुरकुरली तर ई-मेलने विचारावे. लेखी उत्तर तर त्याहून चांगले.

मी स्वतः हे सर्व माझ्या पहिल्या कॅपनंतर शिकलो. तक्त्यात कॅपचा दर साडेनऊशे होता आणि तेवढ्यावर विश्वास ठेवून मी खुर्चीत बसलो. बिल आले ते साडेनऊशे, अधिक बिल्ड-अपचे पूर्ण छापील दराने सव्वातीनशे, अधिक प्रयोगशाळेचे दीडशे. बिल्ड-अप त्या योजनेच्या तक्त्यातच नव्हते, आणि कॅप जिथे घडवली जाते त्या प्रयोगशाळेचा खर्च वेगळा, हे तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले होते. कोणी फसवले असे म्हणता येत नाही. मी फक्त कॅपचा आकडा विचारला होता, आणि उत्तर कॅपचेच मिळाले होते. तेव्हापासून फोनवर माझा शेवटचा प्रश्न ठरलेला आहे: ‘या दिवशी मी दवाखान्यातून बाहेर पडेन तेव्हा एकूण किती रक्कम भरलेली असेल?’

तज्ज्ञांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. रूट कॅनाल अवघड असेल तर तुम्हाला एंडोडोंटिस्टकडे पाठवतात, अक्कलदाढ आडवी असेल तर ओरल सर्जनकडे. दरतक्ता बहुधा साध्या दंतवैद्यांनाच लागू असतो आणि तज्ज्ञांकडे त्याऐवजी त्यांच्या छापील दरावर पंधरा-वीस टक्के सवलत मिळते. तज्ज्ञांचा छापील दर मुळातच जास्त असल्याने हिशेब पुन्हा मांडावा लागतो. इम्प्लांट, दातांच्या तारा आणि दात पांढरे करणे यांचीही अशीच वेगळी विचारपूस करावी.

पाचवी पायरी: सभासद होण्यापूर्वी अटी वाचणे

फोनवर आकडे जुळले, की मगच वर्गणी भरावी. अटींत मोजक्याच गोष्टी पाहायच्या असतात. सभासदत्व रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची मुदत बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची असते आणि नोंदणी शुल्क वेगळे लावले असेल तर ते सहसा परत मिळत नाही. वर्ष संपताना कार्डावरून आपोआप पुन्हा वर्गणी कापली जाते का, हे पाहून त्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवावी. कुटुंबाच्या वर्गणीत कोण येते हेही तपासावे. काही योजना त्याच घरात राहणाऱ्या आई-वडिलांनाही सामावून घेतात, काही फक्त पती-पत्नी आणि मुलांना.

अनेक राज्यांत अशा योजना चालवणाऱ्या संस्थांना परवाना किंवा नोंदणी आवश्यक असते. फ्लोरिडात तर विमा नियामक कार्यालयच हे परवाने देते. ओळखीचे नाव नसलेल्या योजनेविषयी आपल्या राज्याच्या विमा विभागाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. फोन करून ‘दातांचा विमा’ म्हणून सवलत कार्ड विकणारा, किंवा आजच भरले तरच हा दर असे सांगून घाई करणारा माणूस भेटला, तर तिथेच बोलणे थांबवावे.

सहावी पायरी: उपचाराच्या दिवशी

१ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत ‘नो सरप्रायझेस’ कायद्याच्या तरतुदी लागू आहेत. विमा नसलेल्या किंवा विमा न वापरता स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाने उपचार आधीपासून ठरवला असेल, तर त्याला अपेक्षित खर्चाचा लेखी अंदाज मागण्याचा हक्क या कायद्याने मिळतो. सवलत योजनेचा सभासद हा विमाधारक नसल्याने तोही यात येतो. त्या अंदाजाला इथे ‘गुड फेथ एस्टिमेट’ म्हणतात आणि ह्याच शब्दांत मागितला तर समोरच्याला लगेच कळते. प्रत्यक्ष बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त झाले, तर बिल मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत सरकारी यंत्रणेकडे दाद मागता येते. हा कागद पिशवीत असला की काउंटरवरचे बोलणे आपोआप सौम्य होते.

खुर्चीत बसल्यावर नवीन काम निघू शकते; एक्स-रेमध्ये न दिसलेली चीर आत सापडते. दुखणे थांबवण्यासाठी लगेच करण्याजोगे असेल तेवढे करू द्यावे, पण उरलेल्या कामासाठी ‘क्रमांक आणि आकडा लिहून द्या, मी कळवतो’ असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. आपल्याकडे डॉक्टरांशी पैशांची घासाघीस करणे अशिष्ट समजतात. इथे आकडा विचारणाऱ्याला कोणी अशिष्ट समजत नाही.

पैसे भरताना दवाखाना वैद्यकीय क्रेडिट कार्ड सुचवतो, ‘बारा महिने बिनव्याजी’ या शब्दांत. त्यातल्या बऱ्याच कार्डांची अट अशी असते, की मुदतीत पूर्ण रक्कम फिटली नाही तर पहिल्या दिवसापासूनचे व्याज एकदम लागते, आणि त्याचा दरही चढा असतो. शेवटच्या हप्त्यात पन्नास डॉलर राहिले तरी हे घडते. त्यापेक्षा दवाखान्याशीच दोन-तीन हप्त्यांची बोलणी करावी. कंपनीत एफएसए किंवा एचएसए, म्हणजे आरोग्याच्या खर्चासाठी वेगळे पैसे ठेवण्याचे, खाते असेल तर उपचाराचे पैसे त्यातून, म्हणजे कर कापला जाण्यापूर्वीच्या पगारातून, भरता येतात. त्यासाठी क्रमांक असलेली तपशीलवार पावती जपून ठेवावी.

याहूनही कमी खर्चात

हातात पैसेच नसतील तर सवलत योजनेपेक्षा चांगले दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दंत महाविद्यालये. न्यूयॉर्क विद्यापीठाचे महाविद्यालय देशातील सर्वांत मोठे, न्यू जर्सीत नेवार्कला रटगर्स आहे, कॅलिफोर्नियात यूसीएलए आणि यूसीएसएफ. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, दर बाहेरपेक्षा बराच कमी असतो, फक्त वेळ हाताशी हवा; जे फिलिंग बाहेर पाऊण तासात होते त्याला तिथे पूर्ण सकाळ जाते. दुसरा मार्ग म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे. तिथे कुटुंबाचा आकार आणि उत्पन्न पाहून दर ठरतो. सर्वच केंद्रांत दंतविभाग नसतो, त्यामुळे आधी फोन करावा.

आणि भारतवारीचे काय? पुण्या-मुंबईत हेच रूट कॅनाल आणि कॅप इथल्या खर्चाच्या लहानशा भागात होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ठणका नसेल, प्रवास जवळ आला असेल आणि तीन आठवड्यांची रजा असेल, तर कॅप, फिलिंग, जुने ब्रिज बदलणे ही कामे तिथे करून घ्यावीत. इम्प्लांटचे तसे नाही; खिळा बसवल्यावर हाड त्याला धरेपर्यंत काही महिने जातात, म्हणजे दोन प्रवास लागतात आणि मध्येच काही बिघडले तर इथला दंतवैद्य दुसऱ्याने बसवलेल्या खिळ्याला हात लावायला राजी नसतो. सुजलेली हिरडी, ताप किंवा पू असेल तर विमानाच्या तिकिटाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी इथेच दाखवावे. तिथे जायचे ठरलेच तर निघण्यापूर्वी इथले एक्स-रे आणि आराखडा ई-मेलने तिथल्या डॉक्टरांना पाठवावा, आणि परत येताना बसवलेल्या साहित्याचे नाव, कंपनी आणि तारीख लिहिलेला कागद मागून घ्यावा, कारण पाच वर्षांनी ती कॅप काढण्याची वेळ आली तर इथला दंतवैद्य पहिला प्रश्न तोच विचारतो.